हाडं रोज घडतात

त्वचेला खोल जखम झाली तर ती भरते, पण वण मागे राहतो. हृदयविकाराच्या झटक्यात स्नायूचा काही भाग मेला, तर त्या जागीही आकुंचन न पावणारा वणच तयार होतो. हाडाची गोष्ट वेगळी आहे. लहान मुलाचा हात मोडला, हाड नीट बसवून प्लास्टर घातलं, तर दीड-दोन वर्षांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये ते नेमकं कुठे मोडलं होतं, हे मुरलेल्या अस्थिरोगतज्ज्ञालाही पुष्कळदा सांगता येत नाही. मोडलेल्या जागी मूळ रचनेचं हाड पुन्हा उभं राहिलेलं असतं.

प्लास्टर यात फार थोडं करतं. ते मोडलेली टोकं जागेवर धरून ठेवतं, एवढंच. खरं काम हाडातल्या पेशींचं असतं, आणि त्या काही अपघाताची वाट बघत बसलेल्या नसतात. धडधाकट माणसाच्या सांगाड्यातही जुनं हाड खोदून काढणं आणि त्याच जागी नवं बांधणं रात्रंदिवस चालू असतं. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा बदलला जातो.

आपल्या घरांमध्ये हाडांचा विषय निघाला की तो कॅल्शियमपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. गुडघे दुखतात, कंबर धरते, आजी घसरून पडते, आणि प्रत्येक वेळी गोळ्यांची बाटली आणली जाते. कॅल्शियम लागतंच, पण तो बांधकामाचा माल आहे. बांधायचं कुठे, किती आणि कधी हे पेशी ठरवतात. हाडाचं आरोग्य म्हणजे मोडणाऱ्या आणि बांधणाऱ्या पेशींमधला मेळ. तो मेळ कसा राखला जातो आणि कशानं बिघडतो, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

लाल हाडांचा पुरावा

हाड जिवंत आहे आणि बदलत राहतं, याचा पहिला डोळ्यांना दिसणारा पुरावा जेवणाच्या ताटात सापडला. 1736 मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जॉन बेल्चियर एका कापड छपाईवाल्याकडे जेवायला गेले होते. ताटातल्या डुकराच्या मांसातली हाडं लालभडक होती. चौकशी केल्यावर कळलं की छपाईत वापरल्या जाणाऱ्या लाल रंगाच्या मुळांत भिजलेला कोंडा त्या डुकरांना खायला घालत असत. ही मुळं मॅडर नावाच्या वनस्पतीची, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातली. मांस रंगलं नव्हतं, हाडं तेवढी रंगली होती.

पुढे फ्रान्समध्ये दुहामेल द्यू मोन्सो यांनी जनावरांना काही दिवस मॅडर दिलं, काही दिवस बंद केलं, पुन्हा दिलं. हाड कापून पाहिल्यावर लाल आणि पांढरे थर एकाआड एक दिसले. ज्या दिवसांत रंग पोटात गेला, त्या दिवसांत तयार झालेलं हाडच लाल झालं होतं. शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी याच प्रयोगांच्या आधारे पुढचा निष्कर्ष काढला: वाढत्या हाडात एका बाजूनं भर पडते आणि दुसऱ्या बाजूनं हाड नाहीसं होतं. नाहीतर पाळण्यातल्या मुलाच्या मांडीचं हाड आकार न बिघडवता मोठ्या माणसाच्या मांडीचं हाड होऊच शकलं नसतं.

ही युक्ती आजही वापरात आहे, फक्त रंग बदलला. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक नव्यानं तयार होणाऱ्या हाडात जाऊन बसतं आणि अतिनील प्रकाशात पिवळं चमकतं, हे 1950 च्या दशकात लक्षात आलं. हाडांच्या काही अवघड आजारांत रुग्णाला काही दिवसांच्या अंतरानं दोनदा हे औषध देतात आणि मग कमरेच्या हाडाचा बारीकसा तुकडा तपासतात. दोन पिवळ्या रेषांमधलं अंतर मोजलं की हाड किती वेगानं बांधलं जातंय, ते कळतं.

बांधणाऱ्या पेशी

वजनाच्या हिशेबात हाडाचा जवळपास दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या सूक्ष्म स्फटिकांचा. उरलेल्यात पाणी आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे. हाड आम्लात बुडवून ठेवलं तर खनिज विरघळतं आणि उरलेलं हाड वाकवता येतं. उलट ते भाजलं तर धागे जळतात आणि हाताच्या दाबानं त्याचा भुगा होतो. खनिज कडकपणा देतं, कोलॅजेन चिवटपणा. दोन्ही असतील तरच हाड धक्का सोसतं.

हे मिश्रण तयार करणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओब्लास्ट. अस्थिमज्जेतल्या आणि हाडावरच्या पातळ आवरणातल्या मूळ पेशींपासून त्या घडतात. हाडाच्या पृष्ठभागावर त्या ओळीनं बसतात आणि आधी कोलॅजेनचा मऊ थर घालतात. काही दिवसांनी त्या थरात खनिज उतरायला लागतं. त्यासाठी लागणारं एक विकर, अल्कलाइन फॉस्फेटेज, याच पेशी बनवतात. रक्ततपासणीच्या कागदावर त्याचा आकडा असतो. यकृतही ते बनवतं, पण वाढत्या वयाच्या मुलांमध्ये तो आकडा मोठ्यांपेक्षा जास्त येतो, कारण त्यांच्या हाडांत बांधकाम जोरात चाललेलं असतं.

ड जीवनसत्त्व कमी पडलं तर ही साखळी मधेच अडते. आतड्यातून कॅल्शियम पुरेसं शोषलं जात नाही, त्यामुळे पेशी मऊ थर घालत राहतात आणि त्यात खनिज उतरत नाही. लहानपणी असं झालं तर पाय वाकतात, छातीच्या फासळ्यांवर गाठी दिसतात. यालाच मुडदूस म्हणतात. मोठ्या वयात याच कमतरतेनं हाडं ठणकतात आणि बसल्या जागेवरून उठणंही जड जातं.

काम संपल्यावर बऱ्याच ऑस्टिओब्लास्ट मरतात. काही चपट्या होऊन हाडाच्या पृष्ठभागावर अस्तरासारख्या पसरतात. आणि काही आपणच घातलेल्या थरात गाडल्या जातात. या गाडल्या गेलेल्या पेशींकडे पुढे येऊच.

मोडणाऱ्या पेशी

ऑस्टिओक्लास्ट या पेशींना हे नाव 1873 मध्ये स्विस शरीरशास्त्रज्ञ अल्बर्ट फोन कोलिकर यांनी दिलं. अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी पेशी होते, म्हणून तिच्या आत एकाऐवजी अनेक केंद्रकं असतात. ती हाडाला घट्ट चिकटते, कडेनं जागा बंद करून घेते आणि त्या बंद जागेत आम्ल सोडते. आम्लानं खनिज विरघळतं. मग कॅथेप्सिन के नावाचं विकर उरलेले कोलॅजेनचे धागे तोडतं. पेशी पुढे सरकते तेव्हा मागे एक खड्डा उरलेला असतो.

ही पेशी येते कुठून, यावर बराच काळ वाद होता. याचं उत्तर एका दुर्मीळ आजारानं दिलं. ऑस्टिओपेट्रोसिस या जन्मजात आजारात ऑस्टिओक्लास्ट नीट काम करत नाहीत. हाड बांधलं जातं, पण मोडलं जात नाही. ते दगडासारखं घट्ट होतं आणि तरीही सहज मोडतं. मज्जेची पोकळी भरून जाते, त्यामुळे रक्त कमी तयार होतं. कवटीतली भोकं आवळली जाऊन डोळ्यांच्या आणि कानांच्या नसा दाबल्या जातात.

1980 मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी या आजाराच्या पाच महिन्यांच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली होती. त्यानंतर तिचं साचलेलं हाड मोडायला सुरुवात झाली. दाता मुलगा आणि रुग्ण मुलगी असल्यामुळे एक गोष्ट ताडून पाहता आली. तिच्या हाडातल्या ऑस्टिओक्लास्टमध्ये पुरुषांत आढळणारं वाय गुणसूत्र होतं, ऑस्टिओब्लास्टमध्ये नव्हतं. म्हणजे मोडणाऱ्या पेशी भावाच्या मज्जेतून आल्या होत्या आणि बांधणाऱ्या तिच्या स्वतःच्या होत्या. हाड मोडणारी पेशी रक्तपेशींच्या कुळातली आहे, जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची ती बहीण आहे, हे माणसाच्या शरीरात सिद्ध झालं.

याच आजारानं आणखी एक गोष्ट शिकवली. मोडणारी पेशी हाडाची वैरी नाही. आपण चालतो, जिने चढतो, ओझं उचलतो, तेव्हा हाडात अतिसूक्ष्म तडे पडत असतात. ते तसेच राहिले तर वाढत जातात. जुन्या वाड्याची तुळई किडली तर तिच्यावर रंग देऊन भागत नाही. किडका भाग काढावा लागतो, तेव्हा नवं लाकूड बसतं. ऑस्टिओक्लास्ट तडा गेलेलं हाड काढून नव्याला जागा करून देतात.

अडचण आहे ती वेगाची. ऑस्टिओक्लास्टची एक तुकडी जेवढं हाड दोन-तीन आठवड्यांत खोदते, तेवढं भरून काढायला ऑस्टिओब्लास्टना तीन-चार महिने लागतात. शरीरात एकाच वेळी अशी असंख्य ठिकाणं उघडी असतात. ती प्रमाणात असतील तर काही बिघडत नाही. पण खोदकाम वाढलं आणि भरण मागे पडलं, तर प्रत्येक फेरीत थोडं थोडं हाड कायमचं जातं.

गाडल्या गेलेल्या पेशींचं राज्य

हाडाच्या आत गाडल्या गेलेल्या पेशी म्हणजे ऑस्टिओसाइट. हाडातल्या एकूण पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त याच असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात त्यांची संख्या सुमारे 4,200 कोटी असावी, असा अंदाज आहे. प्रत्येकीला डझनावारी लांब, बारीक शाखा असतात आणि त्या हाडातल्या केसाहून बारीक नलिकांमधून शेजारच्या पेशींना भिडलेल्या असतात. ऑस्टिओक्लास्ट काही आठवडे जगतात, ऑस्टिओब्लास्ट काही महिने. ऑस्टिओसाइट मात्र वर्षानुवर्षं, काही तर दशकानुदशकं जिवंत राहतात. फार काळ त्यांना निवृत्त पेशी मानलं गेलं. गेल्या पंचवीसेक वर्षांत हे मत पुरतं बदललं आहे.

हाडावर भार पडला की ते किंचित, अगदी हजारांश भागानं, वाकतं. त्यामुळे बारीक नलिकांमधला द्रव हलतो आणि ऑस्टिओसाइटना भार कळतो. ज्या भागावर भार पडतो, तिथे त्या बांधकामाला मोकळीक देतात. जिथे पडत नाही, तिथे मोडणाऱ्या पेशींना बोलावतात. तडा जाऊन एखादी ऑस्टिओसाइट मेली तर तिच्या शेजारच्या पेशी दुरुस्तीची हाक देतात.

भाराप्रमाणे हाड आपली रचना बदलतं, हे जर्मन शल्यचिकित्सक यूलियुस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडलं होतं. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्या खेळाडूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळतं. दोन्ही हातांना रक्त तेच, अन्न तेच, संप्रेरकं तीच. फरक फक्त भाराचा. दुसरं टोक अंतराळवीरांचं. पृथ्वीभोवती फिरताना वजनच जाणवत नसल्यामुळे त्यांच्या खुब्याच्या हाडातलं खनिज महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटायचं. म्हणून तिथे रोज दोन तासांच्या आसपास व्यायाम ठरवून दिलेला असतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचं हाडही याच कारणानं झिजतं, मग त्याला दूध कितीही पाजा.

ऑस्टिओसाइट हुकूम देतात तो प्रथिनांच्या रूपात. त्यांतलं एक स्क्लेरोस्टिन. ते बांधकामाला लगाम घालतं. भार पडला की ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन कमी सोडतात आणि लगाम सुटतो. याचा शोध लागला तो दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानर समाजातल्या काही कुटुंबांमुळे. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या एक आजार होता: हाडं कमालीची जाड, क्वचितच मोडणारी, पण कवटी जाड होत गेल्यामुळे चेहऱ्याची नस दाबली जायची, बहिरेपण यायचं, मेंदूवरचा दाब वाढायचा. 2001 मध्ये कळलं की या माणसांत स्क्लेरोस्टिन तयारच होत नाही. त्यातून कल्पना निघाली की ठिसूळ हाडांच्या रुग्णांत हे प्रथिन काही काळ रोखलं तर? असं औषध, रोमोसोझुमॅब, 2019 मध्ये जपान आणि अमेरिकेत मान्य झालं. ते एक वर्षच देतात, आणि नजीकच्या काळात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना देत नाहीत.

दुसरा हुकूम मोडणाऱ्या पेशींसाठी. रँकएल नावाचं प्रथिन मिळालं की कोवळ्या रक्तपेशी एकत्र येऊन ऑस्टिओक्लास्ट होतात. त्याला अडवायला शरीरातच ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं दुसरं प्रथिन असतं. ही जोडी 1997-98 च्या सुमारास उलगडली. आधी वाटलं, रँकएल बहुतेक ऑस्टिओब्लास्टकडून येत असेल. 2011 मध्ये दिसून आलं की प्रौढ हाडात त्याचा मोठा पुरवठा ऑस्टिओसाइटच करतात. कुठे मोडायचं आणि कुठे बांधायचं, या दोन्ही निर्णयांत त्यांचा हात आहे.

मोडलेलं हाड जुळतं कसं

हाड मोडतं तेव्हा त्यातल्या रक्तवाहिन्याही तुटतात आणि रक्ताची गाठ जमते. ही गाठ दुरुस्तीची पहिली पायरी असते. तिथे आलेल्या पांढऱ्या पेशी मेलेल्या ऊतींचा कचरा उचलतात आणि मूळ पेशींना बोलावणारी रसायनं सोडतात. हाडाच्या बाहेरच्या आवरणातून आणि मज्जेतून मूळ पेशी येतात. टोकं थोडी हलत असतील, रक्तपुरवठा अजून अपुरा असेल, तर त्या आधी कूर्चा तयार करतात. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांना जोडणारा हा मऊ सांधा होतो. मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि कूर्चेची जागा हाड घेतं. आईच्या पोटात बाळाची लांब हाडं ज्या क्रमानं घडतात, जवळजवळ तोच क्रम इथे पुन्हा घडतो.

या टप्प्यावर एक्स-रेमध्ये मोडलेल्या जागेभोवती फुगवटा दिसतो, त्याला कॅलस म्हणतात. घरची माणसं तो पाहून घाबरतात, पण ते जुळण्याचं लक्षण असतं. त्यानंतर ऑस्टिओक्लास्ट आणि ऑस्टिओब्लास्ट महिनोन्‌महिने तो फुगवटा कोरून, घडवून मूळ आकाराला आणतात. लहान मुलांत ही घडण इतकी जोमदार असते की थोडं वाकडं जुळलेलं हाडही वाढीबरोबर सरळ होऊ शकतं. मात्र स्वतःभोवती फिरून बसलेलं हाड सहसा सुधारत नाही, म्हणून ते सुरुवातीलाच नीट बसवावं लागतं.

सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा प्रकार आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. ओढून, दाबून, जुळवून हाड जागेवर आणायचं आणि झाडाच्या सालींचा आधार देऊन बांधायचं, ही पद्धतही तिथे आहे. जागेवर आणणं आणि स्थिर ठेवणं ही तत्त्वं आजही तीच आहेत. धोका असतो तो आवळून बांधण्यात. रक्तपुरवठा तुटला तर हाड बांधणाऱ्या पेशी पोचतच नाहीत, आणि हात किंवा पाय काळा पडून तो गमावण्याची वेळ येते. हाडवैद्यानं बांधलेल्या पट्टीनंतर किंवा प्लास्टरनंतर बोटं बधिर, थंड किंवा निळसर झाली, कळा वाढतच गेल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

शंभरातली पाच-दहा हाडं वेळेत जुळत नाहीत. धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह, जंतुसंसर्ग, फार मोठा अपघात ही त्यामागची नेहमीची कारणं. अशा वेळी शल्यचिकित्सक कमरेच्या हाडातून जिवंत हाडाचा चुरा काढून त्या फटीत भरतात, कारण त्यात मूळ पेशी, त्यांना आधार देणारा सांगाडा आणि त्यांना चेतवणारी प्रथिनं असं सगळं एकत्र मिळतं. अशी प्रथिनं हाडात असतात हे अमेरिकेतले अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये दाखवलं. खनिज काढून टाकलेलं हाड त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, आणि जिथे हाडाचा काही संबंध नाही त्या स्नायूत नवं हाड तयार झालं.

पेशींच्या या ताकदीचा सर्वांत धीट वापर सायबेरियातल्या कुर्गान इथे झाला. 1950 च्या दशकात डॉक्टर गावरील इलिझारोव्ह यांनी हाडाभोवती कड्या आणि आरपार तारा बसवून एक चौकट बनवली. हाड कापायचं, काही दिवस थांबायचं आणि मग चौकटीचे स्क्रू फिरवत दोन्ही टोकं दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर, दूर न्यायची. वेग जास्त झाला तर फटीत हाड तयार होत नाही, कमी झाला तर ते आधीच जुळून जातं. नेमक्या वेगानं नेलं तर पेशी त्या फटीत नवं हाड विणत जातात. आखूड पाय लांब होतो, गमावलेला तुकडा भरून येतो. 1980 मध्ये इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी तिथे जाऊन बरे झाले आणि पश्चिमेकडच्या डॉक्टरांचं लक्ष या पद्धतीकडे गेलं. आज ती भारतातही वापरली जाते.

मेळ बिघडतो तेव्हा

बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक ऑस्टिओक्लास्टना आवर घालत असतं. पाळी गेली की हा आवर सैल होतो. मोडणाऱ्या पेशी जास्त तयार होतात आणि जास्त दिवस जगतात. बांधणाऱ्याही कामाला लागतात, पण त्यांना तो वेग गाठता येत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडाचा मोठा हिस्सा, काहींचा वीस टक्क्यांपर्यंत, झिजू शकतो. मणक्यांच्या, मनगटाच्या आणि खुब्याच्या आत हाडाची जाळी असते. सर्वांत आधी ती विरळ होते. जाळीतली एखादी काडी नुसती बारीक झाली असेल तर ती पुन्हा भरता येते. ती मधोमध तुटली तर नवं हाड घालायला पृष्ठभागच उरत नाही. म्हणून उपचार काड्या तुटण्याआधी सुरू व्हायला हवेत.

आपल्याकडे पाळी पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा काही वर्षं आधी, साधारण 46-47 व्या वर्षी जाते. म्हणजे झीज लवकर सुरू होते. मणका दबून मोडला तरी कित्येकदा फारसं दुखत नाही; पाठीला पोक येतं, उंची घटते आणि सगळे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. उंची चार सेंटिमीटरहून अधिक घटली असेल, किंवा उभ्या उंचीवरून साधं पडून हाड मोडलं असेल, तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1994 च्या निकषानुसार तिच्यातला टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल तर त्याला अस्थिसुषिरता म्हणतात. पुरुषही यातून सुटत नाहीत, विशेषतः दमा, संधिवात अशा आजारांसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे. स्टेरॉइडमुळे बांधणाऱ्या पेशी आणि ऑस्टिओसाइट दोन्ही मरतात.

घनता म्हणजेच ताकद, असंही समजू नये. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरा पर्यायच नसेल तर दीडपर्यंत. वर्षानुवर्षं त्याहून बरंच जास्त पोटात गेलं की ऑस्टिओब्लास्ट चेतवले जातात आणि हाडात फ्लोराइड मिसळतं. एक्स-रेमध्ये ते पांढरंशुभ्र, घट्ट दिसतं. प्रत्यक्षात पाठ आखडते, सांधे धरतात आणि हाड ठिसूळ होतं. एकेकाळी फ्लोराइड हे अस्थिसुषिरतेचं औषध म्हणूनही तपासून पाहिलं गेलं. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत मणक्यांची घनता भरपूर वाढली, मणके मोडण्याचं प्रमाण मात्र कमी झालं नाही, आणि इतर हाडं जास्त मोडली.

आजची औषधं पेशींच्या स्वभावाचा अभ्यास करून घडवलेली आहेत. बिसफॉस्फोनेट हाडात बसून राहतात आणि ते खोदायला आलेल्या ऑस्टिओक्लास्टना निकामी करतात. डेनोसुमॅब रँकएलला पकडून ठेवतं. ते सहा महिन्यांनी एकदा टोचून घ्यायचं असतं. ते मनानं बंद केलं तर थोपलेलं खोदकाम उसळून येतं आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. टेरिपॅराटाइड तर पॅराथायरॉइड संप्रेरकाचाच तुकडा आहे. हे संप्रेरक रक्तात सतत वाढलेलं असेल तर हाड झिजतं, पण रोज एकदा थोडंसं टोचलं तर ते बांधकामाला चालना देतं. खुबा किंवा मणका मोडण्याचा धोका या औषधांनी खरोखर कमी होतो.

मात्र बिसफॉस्फोनेट पुष्कळ वर्षं सलग घेतलेल्या काही मोजक्या रुग्णांत मांडीचं हाड फारसा धक्का न बसता आडवं मोडलेलं आढळलं आहे. मोडणाऱ्या पेशींना फार काळ दाबून ठेवलं की सूक्ष्म तडे काढून टाकणारं कोणी उरत नाही. म्हणून ठरावीक वर्षांनी डॉक्टर हे औषध थांबवायचं का, याचा विचार करतात. ते घेत असताना मांडीत किंवा जांघेत आतून ठणका लागला तर डॉक्टरांना सांगावंच.

भार, ऊन, अन्न आणि वेळ

पेशींचं हे काम समजलं की काय करायचं तेही उलगडतं. हाडांना भार द्यायला हवा. चालणं चांगलं, पण जिने चढणं, उठबशा, वजन उचलणं, दोरीवरच्या उड्या यांचा हाडावरचा परिणाम जास्त. वय आणि गुडघे पाहून, शिकून घेऊन हे करावं. पोहण्यानं हृदय आणि स्नायू सुधारतात, हाडाला मात्र फारसा भार मिळत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2020 ची शिफारस सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं; दूध, दही, तीळ यांतून बाकीचं मिळवता येतं. डाळी-उसळी, अंडी, मासे यांतली प्रथिनंही तितकीच महत्त्वाची, कारण कोलॅजेन त्यांतूनच बनतं. ऊन भरपूर असलेल्या या देशात अंग झाकून, घरात-ऑफिसात दिवस काढणाऱ्यांना ड जीवनसत्त्व कमी पडतं. ते तपासून, डॉक्टरांच्या सांगण्यानं घ्यावं. म्हाताऱ्या माणसांच्या घरात ओली फरशी, सरकणारं पायपुसणं, अंधारा जिना आधी हटवावा. पडणंच टळलं तर ठिसूळ हाडही वाचतं.

पण सगळ्यात मोलाची वेळ या सगळ्याच्या फार आधीची. आयुष्यभरात हाडांत जेवढं खनिज साठतं, त्यातला सुमारे चौथा हिस्सा वयात येतानाच्या, झपाट्यानं वाढण्याच्या दोनच वर्षांत भरला जातो. मुलींमध्ये ही वर्षं साधारण अकरा ते चौदाच्या दरम्यान येतात. पुढे तिशीच्या आत हाड जेवढं भरतं, त्या शिदोरीवर म्हातारपण काढायचं असतं. आणि नेमक्या याच वयात आपण मुलींचं पळणं, खेळणं, झाडावर चढणं थांबवतो. पाळी आली म्हणून खेळ बंद, दहावी जवळ आली म्हणून खेळ बंद. कित्येक घरांत दुधाचा पेलाही आधी भावाकडे जातो.

या काळात हाडातल्या पेशी भाराला जितका जोरकस प्रतिसाद देतात, तितका पुढे कधीच देत नाहीत. शाळेच्या मैदानावर बारा वर्षांच्या मुलीनं मारलेल्या उड्या तिच्या साठीतल्या खुब्यात जमा होतात. खो-खो, कबड्डी, लंगडी, दोरीवरच्या उड्या हे सगळे भाराचे खेळ. त्यांना महागडी साधनं लागत नाहीत. शाळेनं मुलींसाठी मैदानाचा तास राखला आणि घरानं तिच्या ताटात नाचणी, दूध, डाळ पुरेशी वाढली, तर आजच्या आज्यांचे जे खुबे मोडतात, त्यांतले कितीतरी पुढच्या पिढीत मोडणार नाहीत.